घरच्या कोंबड्या-बदकांना रोज किती दाणा लागतो? नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हुडकेश्वरला आमच्या घरामागे अकरा कोंबड्या आणि चार बदकं आहेत. पाहायला येणारा माणूस आधी विचारतो, "किती खातात हो?" आणि मग विचारतो, "अंडी किती देतात?" फोनवर, भाजीच्या ठेल्यावर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत ताटावर बसल्याबसल्या लोकांनी जे विचारलं, ते इथे एकत्र लिहिते आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडा एका पक्ष्याचा आणि एका दिवसाचा समजावा. तुमचे पक्षी दहा-पंधरा टक्के कमीजास्त खात असतील तर काळजी नको. दुप्पट दाणा संपत असेल तर आधी प्रश्न १४ वाचा, कारण बहुतेक वेळा कोंबडी निर्दोष निघते.

१. एका कोंबडीला दिवसाला किती दाणा लागतो? एकच आकडा सांगा ना ताई.

एकच हवा तर ११० ग्रॅम. दीड ते दोन किलो वजनाची, खुराड्यात बंद असलेली, जवळजवळ रोज अंडं देणारी आणि तयार लेअर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं विकतचं खाद्य) खाणारी कोंबडी १०० ते १२० ग्रॅम खाते.

गावरान कोंबडी सव्वा-दीड किलोची असते, तिला ७० ते ८० ग्रॅम पुरतात. कडकनाथही याच मापात बसते. गिरिराज, वनराज अंगाने थोराड असतात. त्या १२०-१३० ग्रॅम सहज खातात आणि समोर ठेवलं तर त्याहूनही जास्त, मग चरबी धरतात. कोंबडा अंडी देत नाही म्हणून कमी खाईल असं वाटतं, पण त्याचं वजन जास्त असल्याने हिशेब साधारण बरोबरीत सुटतो.

आता याच आकड्याने वर्षाचा हिशेब करा. ११० ग्रॅमने वर्षाला ४० किलो होतात. २८० अंडी देणाऱ्या संकरित कोंबडीला अंड्यामागे साधारण १४० ग्रॅम खाद्य लागलं. गावरान कोंबडी ७५ ग्रॅमने वर्षाला २७ किलो खाते आणि अंडी देते साठ-सत्तर, म्हणजे एका अंड्यामागे ४०० ग्रॅमच्या आसपास. गावरान कोंबडी कोंडून विकतच्या दाण्यावर पोसायची म्हणजे तिचा सगळा गुण वाया घालवायचा. तिची कमाई फिरण्यात आहे, त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

२. घरी काटा नाही. वाटीने मोजून दिलं तर चालते का?

चालतं, पण आपली वाटी एकदा किराणा दुकानात नेऊन भरून तोलून घ्या. ज्या वाटीत मॅश (दळलेलं खाद्य) १०० ग्रॅम बसतो, तिच्यातच ज्वारी १२० ग्रॅमच्या आसपास बसते. वाटी दाबून भरली की आकडा आणखी हलतो.

खरा अंदाज यायला तीन दिवस लागतात. सकाळी तोलून घाला, संध्याकाळी भांड्यात उरलेलं तोला, वजा करा आणि पक्ष्यांच्या संख्येने भागा. तीन दिवसांची सरासरी हा तुमचा आकडा. माझा कोणताही आकडा त्यापेक्षा मोठा नाही.

३. पिल्लांना किती घालायचं? घातलं की लगेच फस्त करतात.

पिल्लांना मोजून घालायचं नसतं. पहिले आठ आठवडे भांडं रिकामं पडू देऊ नका. पण खरेदीसाठी अंदाज हवा असेल तर अंडी देणाऱ्या जातीचं पिल्लू पहिल्या आठवड्यात रोज १०-१२ ग्रॅम खातं, चौथ्यात ३०-३५, आठव्यात ५०-५५, सोळाव्यात ७०-७५ आणि विसाव्यात ८५-९० ग्रॅम. आठ आठवड्यांत एका पिल्लामागे पावणेदोन-दोन किलो संपतात. पहिलं अंडं पडेपर्यंत साडेसात-आठ किलो खाद्य पोटात गेलेलं असतं. हा खर्च आधी होतो आणि अंडं नंतर दिसतं. दहा पिल्लं आणण्याआधी घरच्यांना हे सांगून ठेवलेलं बरं.

आठ आठवडे चिक स्टार्टर (प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास), नंतर ग्रोअर (१५-१६ टक्के) आणि अंडी सुरू व्हायच्या सुमारास लेअर. लेअर आधीपासून का देऊ नये ते प्रश्न ८ मध्ये आहे.

४. दहा कोंबड्यांना पन्नास किलोचं पोतं किती दिवस जाईल?

पंचेचाळीस दिवस. दहा कोंबड्या रोज १.१ किलो, महिन्याला ३३ किलो. सहा कोंबड्या असतील तर तेच पोतं अडीच महिने चालेल, आणि अडचण तिथेच आहे. दळलेलं खाद्य महिना-दीड महिन्यात संपायला हवं, पावसाळ्यात तर दोन-तीन आठवड्यांत (प्रश्न १५). त्यामुळे कमी पक्षी असणाऱ्यांनी पोतं अर्धं-अर्धं वाटून घ्यावं. आमच्या गल्लीत दोन घरं मिळून एक पोतं आणतात, भांडण अजून झालेलं नाही.

५. आमच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात. तरी दाणा घालावा लागते का?

घालावा लागतो. किती, ते त्या फिरतात कुठे यावर ठरतं. उमरेड रोडच्या पुढे शेतावर, शेणखताच्या ढिगाशेजारी फिरणारी कोंबडी किडे, गवताचं बी, सांडलेलं धान्य यावर अर्धं पोट भरते, तिला ३० ते ४० ग्रॅम वरून पुरतात. मानेवाड्याच्या दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर, जिथे अर्ध्यात घर आणि उरलेल्यात फरशी आहे, तिथे 'मोकळी' फिरणारी कोंबडी फक्त व्यायाम करते. पहिल्या पंधरा दिवसांत तिने मातीतलं सगळं वेचून खाल्लेलं असतं. तिला बंद कोंबडीइतकंच धरा, फार तर दहा-पंधरा ग्रॅम कमी.

यासाठी एक जुनी खूण आहे. संध्याकाळी कोंबडी खुराड्यात जाताना तिच्या छातीवर, गळ्याखाली उजव्या बाजूला हात लावा. तिथली पिशवी लिंबाएवढी टम्म लागली तर पोट भरलं आहे. सपाट लागली तर दाणा कमी पडतोय. सकाळी तीच पिशवी रिकामी असायला हवी. सकाळीही फुगलेली, घट्ट किंवा आंबूस वासाची लागली तर तो खाद्याचा नाही, आजाराचा प्रश्न आहे, डॉक्टरांना दाखवा.

वरचा दाणा संध्याकाळी द्या. सकाळी भरपेट मिळाला की कोंबडी किडे शोधायचे कष्ट घेत नाही. संध्याकाळी दिला की ती अंधार पडायच्या आत आपणहून घरी येते.

६. बदक कोंबडीपेक्षा जास्त खातं हे खरं का?

खरं. खाकी कॅम्पबेल हे अंड्यांसाठी पाळलं जाणारं बदक. ते विसाव्या आठवड्यापर्यंत साधारण साडेबारा किलो खातं, म्हणजे कोंबडीच्या पिल्लाच्या दीडपटीहून जास्त. अंडी सुरू झाल्यावर रोज १२० ग्रॅमपासून १७० ग्रॅमपर्यंत लागतात. मांसासाठीचं पांढरं पेकिन २०० ते २५० ग्रॅमही संपवतं. आकड्याने घाबरू नका. खाकी कॅम्पबेल चांगलं सांभाळलं तर वर्षाला पावणेतीनशे-तीनशे अंडी देतं आणि अंडं कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठं असतं.

पावसाळ्यात बदकांचा खर्च आपोआप उतरतो. आमची चारही जुलै-ऑगस्टमध्ये गोगलगाई, गांडुळं, कोवळं गवत यांवर इतकी ताव मारतात की घातलेल्या दाण्यातला तिसरा हिस्सा उरतो. फक्त सकाळी नऊपर्यंत त्यांना बंद ठेवा. बदक पहाटे-सकाळी अंडं देतं, आणि लवकर सोडलं तर ते कुंपणाच्या झुडपात टाकून येतं.

७. कोंबड्या आणि बदकांना एकच फीड घातलं तर?

मोठ्या पक्ष्यांना चालतं, आम्ही तेच करतो. बदकाच्या पिल्लांच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, नायसिन. हे एक ब जीवनसत्त्व आहे. बदकाच्या पिल्लांना ते कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरंच जास्त लागतं. निव्वळ चिक स्टार्टरवर वाढवलेली बदकं दोन-तीन आठवड्यांत लंगडायला लागतात, पाय बाहेर वाकतात. पाण्यातून ब-कॉम्प्लेक्स किंवा खाद्यात यीस्ट मिसळून हे टाळता येतं, मात्रा पशुवैद्यकाकडून घ्या. दुसरी, औषधी खाद्य. कोंबड्यांच्या काही स्टार्टरमध्ये रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं. बदक जास्त खातं म्हणजे औषधही जास्त पोटात जातं, म्हणून पोत्यावरचं लेबल वाचा आणि शंका असेल तर विचारून घ्या. तिसरी गोष्ट पाणी, आणि ती इतकी महत्त्वाची आहे की तिला प्रश्न १६ स्वतंत्र दिला आहे.

८. लहान तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणि अंडी देणाऱ्या कोंबड्या एकाच खुराड्यात आहेत. कोणतं फीड घालू?

ग्रोअर घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

लेअर फीडमध्ये कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, कारण एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. तलंगेला याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी लागतं. महिनोन्महिने जास्तीचं मिळालं तर तिच्या मूत्रपिंडावर ताण येतो. उलट, ग्रोअरवर राहिलेल्या मोठ्या कोंबडीला कवचापुरतं कॅल्शियम मिळत नाही. शिंपले वेगळे ठेवले की अंड्यावरची कोंबडी बरोबर जाऊन खाते, तलंग बघून सोडून देते. कोंबडीला हे कोण शिकवतं देव जाणे, पण ती चुकत नाही. कोंबडाही या व्यवस्थेत सुखी राहतो.

९. इतवारीतून स्वस्तात ज्वारी, मका, कनकी आणते. एवढंच घातलं तर?

पोट भरेल, अंडी येणार नाहीत. मक्यात आणि कनकीत प्रथिनं आठ-नऊ टक्के, ज्वारीत दहाच्या आसपास. अंडी देणाऱ्या कोंबडीला १६ ते १८ टक्के लागतात. मका थोडा जास्त घातला म्हणून ही तूट भरत नाही. कोंबडी ऊर्जेच्या हिशेबाने खाते. दाण्याने तिची भूक भागली की ती थांबते, आणि प्रथिनं-कॅल्शियम तसंच अपुरं राहतं. दोन महिन्यांनी अंडी कमी होतात, कवच पातळ पडतं, आणि लोक म्हणतात जात खराब निघाली.

घरी मिश्रण करायचंच असेल तर अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी १०० किलोचं एक माप सांगते: भरडलेला मका आणि ज्वारी मिळून ५५ किलो, सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीनची पेंड) २२, तांदळाचा कोंडा ११, शिंपले किंवा मार्बलचा चुरा साडेआठ, डायकॅल्शियम फॉस्फेटयुक्त मिनरल मिक्स अडीच, मीठ ३०० ग्रॅम. उरलेल्यात जीवनसत्त्वांचं आणि मिथिओनिन या अमिनो आम्लाचं प्रीमिक्स (तयार मिश्रण), पुडीवर लिहिलेल्या मात्रेने. यात प्रथिनं साधारण साडेसोळा टक्के बसतात. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलचा कोंडा मिळाला तर ताजाच घ्या. तेलकट कोंडा उन्हाळ्यात पंधरा दिवसांत खवट होतो. आणि सहा कोंबड्यांसाठी हा उपद्व्याप करू नका. पंचवीस-तीस पक्षी असतील तर विचार करा.

अख्खा दाणा बक्षीस म्हणून संध्याकाळी मूठभर द्या, कोंबडीमागे दहा-पंधरा ग्रॅम. अख्खा दाणा घालत असाल तर बारीक खडीही हवी. कोंबडीला दात नाहीत, तिचा दाणा पोट्यात, म्हणजे आपण कलेजीबरोबर खातो त्या पोट्यात, खड्यांनी भरडला जातो. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या खडे स्वतः शोधतात. हे खडे आणि शिंपले एक नव्हेत: शिंपले पोटात विरघळतात, खडे दळतात.

१०. घरचं सोयाबीन आहे, सरकीची ढेप आहे. ते का नाही घालायचं?

कच्चं सोयाबीन नको. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. कोंबडी खात राहते आणि वाळत जाते. भिजवून, अर्धा तास चांगलं उकळून, वाळवून, भरडून दिलं तर चालतं. बाजारातल्या डीओसीवर तापवण्याची प्रक्रिया आधीच झालेली असते, म्हणून ती सोपी.

सरकीची ढेप गाई-म्हशींसाठी ठेवा. तिच्यातल्या गॉसिपॉल या घटकामुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. तुरीची चुनी थोडी मिसळली तर चालते. लाखोळी (लाखेची डाळ) मात्र पूर्ण टाळा, तिचा विषारी घटक पक्ष्यांनाही सोडत नाही.

११. उरलेला भात-पोळी घालतो. आणि सावजीचा रस्सा उरला तर?

भात, पोळी, भाजीची देठं, टरबुजाची सालं, पालक, मेथी हे सगळं चालतं, पण एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे ११० ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीला दहा-बारा ग्रॅम, एक मोठा घास. लोक पातेलंभर भात घालतात आणि मग फीड उरतं म्हणून खूश होतात. ती बचत अंड्यांतून वसूल होते.

सावजीबद्दल गंमत अशी की पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. ज्या रश्श्याने आपल्या डोळ्यांतून पाणी येतं तो कोंबडी शांतपणे चोचीने टिपते. अडचण आहे ती मिठाची आणि तेलाची. जास्त मीठ गेलं की पातळ हगवण होते, पिल्लं तर दगावतात. त्यामुळे रस्सा, तर्री, लोणचं, फरसाण, पापड नको. बुरशी आलेली भाकर, हिरवे पडलेले बटाटे, कच्चा राजमा, चॉकलेट हेही नको. बदकांना पाव घालायची हौस अनेकांना असते. पाव विष नाही, पण त्यात बदकाच्या कामाचं काही नसतं आणि पोट मात्र भरतं.

कॉटन मार्केटमधून फेकलेला कोबीचा पाला आणत असाल तर बाहेरची पानं काढून, दोनदा धुऊन द्या. त्यावर काय फवारलंय ते आपल्याला दिसत नाही.

१२. मे महिन्यात कोंबड्या दाणा खाऊनच नाही राहिल्या. आजारी आहेत का?

बहुधा नाही, त्यांना उकडतंय. नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की ११० ग्रॅम खाणारी कोंबडी ७५-८० वर येते. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. त्यात खाल्लेलं अन्न पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी चढते. सकाळी दहाला पोटभर खाल्लेली कोंबडी दुपारी दोनला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून भाजते. तिचं न खाणं हा तिचा शहाणपणा आहे, जबरदस्ती करू नका.

वेळ बदला. पहाटे पाच-साडेपाचला पहिला दाणा घाला. नऊ वाजता भांडं उचला. सूर्य कलल्यावर, सहाच्या पुढे परत ठेवा. संध्याकाळी थोडा मॅश थंड पाण्यात कालवून दिला तर आवडीने खातात, पण तासाभरात उरलेला काढा, आंबतो. शिंपले संध्याकाळीच वेगळे ठेवा. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाचा कच्चा मालच घटतो, म्हणून मेमधली अंडी हातात चुरतात.

दाण्यापेक्षा पाणी मोजा. एरवी कोंबडी खाद्याच्या दुप्पट, म्हणजे सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी पिते. नवतपात (मेअखेरचे नऊ कडक दिवस) तेच अर्ध्या लिटरवर जातं. प्लास्टिकचं भांडं उन्हात राहिलं तर पाणी गरम होतं आणि कोंबडी पिणं सोडते. मातीची कुंडी घ्या, सावलीत ठेवा, दुपारी दोनदा बदला. एका वर्षी मी दुपारचं पाणी बदलायला विसरले आणि दोन कोंबड्या गेल्या. दाण्याचं भांडं तेव्हा काठोकाठ भरलेलं होतं.

१३. आणि थंडीत?

थोडं जास्त, १२०-१२५ पर्यंत. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की अंग गरम ठेवायलाच खाद्य खर्च होतं. संध्याकाळचा मूठभर मका या दिवसांत फळतो.

१४. पाच कोंबड्या आहेत आणि महिन्यात तीस किलो दाणा संपून राहिला. एवढ्या खातात?

नाही. पाच कोंबड्या महिन्याला साडेसोळा किलो खातात. उरलेले साडेतेरा किलो दुसरं कोणी खातंय किंवा जमिनीवर जातंय. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर जवळजवळ दर वेळी सारखंच असतं.

आधी सांडणं पाहा. कोंबडी चोचीने मॅश बाजूला फेकत आवडीचा तुकडा शोधते. भांडं काठोकाठ भरलेलं असेल तर ढिगाने सांडतं. भांडं अर्ध्याहून कमी भरा, काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर येईल असं टांगा किंवा विटांवर ठेवा, आणि काठ आत वळलेला असू द्या. एका मोठ्या कोंबडीला भांड्याच्या काठावर दहा सेंटिमीटर जागा लागते. कमी असली तर धक्काबुक्कीत सांडतं आणि दुबळी उपाशी राहते. मॅशऐवजी क्रंबल (भरड तुकड्यांचं खाद्य) घेतलं तर निवडानिवड कमी होते.

मग उंदीर. एक मोठा उंदीर रात्रीत वीस-पंचवीस ग्रॅम खातो, म्हणजे पाच उंदीर मिळून एका कोंबडीचा वाटा. दिवसा एक उंदीर दिसला तर पाच आहेत असं समजा. कोंबडी अंधारात खात नाही, त्यामुळे रात्री भांडं आत ठेवण्याचा काही उपयोग नाही, तो दाणा शंभर टक्के उंदरांचा. सूर्यास्ताला भांडं उचला, झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ओता. आमच्याकडे हे सुरू केल्यावर पहिल्याच महिन्यात सात किलो वाचले. मी त्याआधी दोन वर्षं एका तांबड्या कोंबडीला हावरट म्हणत होते. विष ठेवू नका. मेलेला उंदीर कोंबडीही टोचते आणि बदकही गिळायला बघतं.

तिसरे वाटेकरी कबुतरं, चिमण्या आणि कावळे. इथे प्रश्न फक्त दाण्याचा नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आपल्याच गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ बर्ड फ्लूने दगावले. हा विषाणू कुठून कसा फिरतो याचा भरवसा नसतो, म्हणून दाण्याचं आणि पाण्याचं भांडं छताखाली, जाळीच्या आत असावं. पक्षी एकाएकी मरायला लागले तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा.

१५. पावसाळ्यात फीडला गाठी झाल्या. उन्हात वाळवून घालू का?

नाही, फेका. ऊन देऊन ओल जाते, विष जात नाही. बुरशीमुळे होणारं अफ्लाटॉक्सिन वाळवून, भाजून, चाळूनही पूर्ण जात नाही आणि यकृत खराब करतं. मका आणि भुईमुगाची पेंड यांवर ते सर्वांत लवकर धरतं. बदकाची पिल्लं याला कोंबडीपेक्षा कितीतरी नाजूक असतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की अज्ञात रोगाने मेल्या आणि शोध भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला, तेव्हा हे विष उजेडात आलं. त्या साथीत बदकाची पिल्लंही होती.

पोतं भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी फळीवर ठेवा. जून ते सप्टेंबर पंधरा-वीस दिवसांपुरतंच आणा. हात घातल्यावर पोतं आतून कोमट लागलं किंवा कुबट वास आला तर ते संपलं असं समजा.

१६. बदकं चोचीत दाणा घेऊन पाण्यात नेतात आणि सगळं पाणी चिखल करतात. पाणी लांब ठेवू का?

लांब ठेवा, पण काढू नका. बदकाला कोरडा मॅश गिळता येत नाही, चोचीला चिकटतो. घासागणिक पाणी लागतं. खाद्य आहे आणि पाणी नाही असं कधीही होऊ नये, नाहीतर घशात अडकतं. रात्री दोन्ही ठेवा किंवा दोन्ही उचला.

भांडी दीड-दोन मीटर लांब ठेवली की जाता-येता सांडणं कमी होतं. मॅश ओलसर कालवून द्या, मूठ वळेल इतपत, किंवा पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) घ्या. पाण्याचं भांडं १२ ते १५ सेंटिमीटर खोल हवं, म्हणजे चोच नाकपुड्यांपर्यंत बुडते. नाकपुड्या-डोळे धुतले गेले नाहीत तर ते चिकटतात. तळं नसलं तरी चालतं. चिखल होणारच, तो केळीच्या बुंध्याला वळवा.

१७. अझोला घातला की फीड अर्धं होतं म्हणतात, खरं काय?

अर्धं होत नाही. अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारी छोटी वनस्पती. वाळलेल्या अझोल्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या पुढे असतात हे खरं, पण ताज्या अझोल्यात ९३-९४ टक्के पाणीच असतं. १०० ग्रॅम ताजा अझोला म्हणजे सहा-सात ग्रॅम खाद्य. बदकांना तो फार आवडतो, बलकाचा रंग गडद होतो, म्हणून जरूर लावा. दहा टक्के बचत झाली तरी पुष्कळ. आणि मेमध्ये हिरव्या जाळीची सावली नसेल तर तो करपतो.

पिल्लांना वाळवी खाऊ घालायचा जुना उपाय आजही चांगला: माठात शेण आणि काड्या भरून वारुळाजवळ रात्रभर पालथा ठेवायचा, सकाळी पिल्लांपुढे झटकायचा.

१८. खुडूक कोंबडी काहीच खात नाही. आणि पीस झडणारी?

खुडूक कोंबडी दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, घाईने खाते, पाणी पिते, परत बसते. तिला अख्खी ज्वारी-मका आणि पाणी जवळच ठेवा. लेअर फीडची गरज नाही, ती अंडी देत नाहीये. एकवीस दिवसांत तिचं वजन उतरतं, ते चालतं. तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली असतील तर मात्र लक्ष ठेवा. बदकाचं पिल्लू अठ्ठावीस दिवसांनी निघतं, म्हणजे तिचा उपास एक आठवडा लांबतो. तिला रोज हाताने उचलून दाण्यापाशी न्या.

पीस झडणाऱ्या कोंबडीला उलट चांगलं खायला हवं. पीस म्हणजे बहुतांशी प्रथिनंच. दाणा कमी आणि सोया किंवा मासळीचा चुरा थोडा जास्त, दोन-तीन महिने.

१९. अंडी बंद झाली. दाणा वाढवू का?

लगेच नाही. आधी महिना पाहा. डिसेंबरात नागपुरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि अंड्यासाठी चौदा तास उजेड लागतो. त्यावर दाण्याचा उपाय नाही. मे असेल तर प्रश्न १२, पिसं पडली असतील तर १८. कोंबडी उचलून पाहा. छातीचं हाड सुरीसारखं हाताला टोचत असेल तर खाद्य कमी आहे किंवा जंत आहेत. हाड मांसात बुडालं असेल आणि पोट लोंबत असेल तर ती लठ्ठ झाली आहे. तिथे दाणा वाढवणं म्हणजे आगीत तेल.

२०. मुलाने बाजारातून रंगीत पिल्लं आणली. त्यातलं एक नुसतं खातच सुटलंय.

ते ब्रॉयलर असावं. ते खाण्यासाठीच निवडून तयार केलेलं आहे, सहा आठवड्यांत साडेतीन-चार किलो खाद्य खाऊन दोन किलोंच्या पुढे जातं. पाळायचंच असेल तर तीन-चार आठवड्यांनंतर त्याच्यापुढे भरलेलं भांडं ठेवू नका. ग्रोअर मोजून, दिवसातून दोनदा द्या, आणि भांडं-पाणी लांब ठेवून चालायला लावा. नाहीतर वजनाने पाय मोडतात किंवा हृदय थांबतं. ब्रॉयलरचं फीड बाकीच्या पिल्लांना नको. बदकाच्या पिल्लांना तर अजिबात नको, फार वेगाने वाढली की त्यांच्या पंखाची टोकं बाहेर वळतात.

२१. दोन दिवस गावाला जायचं आहे. तेवढा दाणा घालून गेलो तर?

दाणा पुरेल. दोन दिवसांचा हिशेब करून त्यात चौथा हिस्सा वाढवा, दोन वेगवेगळ्या भांड्यांत ठेवा, सगळा कोरडा, कालवलेला काही नको. पाणी पुरणार नाही. एक भांडं लवंडलं की उन्हाळ्यात संध्याकाळ गाठणं कठीण, आणि बदकं तर पहिल्या तासातच सगळं घाण करतात. म्हणून शेजारच्या काकूंकडे चावी द्या, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायला सांगा, आणि त्या दोन दिवसांची अंडी त्यांची.